टीबीचा पेशंट गावानं कसा सांभाळायचा

मी चोपडा तालुक्यातली आशा सेविका. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचाच. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका डबीत द्या. नुसती लाळ नको. गोळ्या कमीत कमी सहा महिने. लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा. आमच्या गल्लीतल्या एका दादानं ते रक्त समजून गोळ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या! महिनाभरात बरं वाटतं आणि तिथंच माणसं गोळ्या सोडतात, म्हणून रोजची आठवण शेजारणीवर सोपवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी कळवावं, तिकडच्या दवाखान्यात उपचार चालू राहतो. पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात येतात, पासबुक तयार ठेवा. आणि ताट वेगळं काढू नका. टीबी खोकल्यातून पसरतो, ताटातून नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आपल्याच पंगतीत वाढा.