"दुपारी १ ते ४ चालू": पोस्ट करून टाकलेल्या व्हिडिओतली कॅप्शनची चूक कशी निस्तरायची

तर झालं असं की माझ्या मावशीचं नारायण पेठेत छोटंसं दुकान आहे, भाजणी, मेतकूट, चकल्या वगैरे, आणि दिवाळीच्या आधी तिच्यासाठी मी एक ४० सेकंदांचं रील केलं. रात्री पावणेबाराला एडिट संपवलं, पोस्ट केलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर कमेंट्सच कमेंट्स, मला वाटलं व्हायरल झालं बहुतेक. कसलं काय. रीलमधल्या शेवटच्या पाटीवर मोठ्या पिवळ्या अक्षरात मी लिहून ठेवलं होतं "दुपारी १ ते ४ चालू". बंदच्या जागी चालू. पुण्यात! एकाने लिहिलं, "मालक बदलले का?" दुसऱ्याने, "फोटो पाठवा, असा विश्वास नाही बसत." आणि गंमत बाजूला, दीड वाजता खरंच दोन बायका कोथरूडहून येऊन बंद शटरसमोर उभ्या राहिल्या, त्यांनी पाटीवरच्या नंबरवर फोन केला, मावशी झोपेतून उठली आणि तिने मला फोन केला. तो फोन कसा होता ते सांगत नाही.

त्यानंतर मी हे सगळं नीट शिकलो, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर करा. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना "कॅप्शन"च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. एक म्हणजे व्हिडिओच्या खाली लिहिलेला मजकूर. दुसरं म्हणजे सबटायटल, सीसीचं बटण दाबलं की चालू-बंद होतं ते, ही व्हिडिओपासून वेगळी फाइल असते. आणि तिसरं म्हणजे एडिटिंग ॲपमध्ये व्हिडिओवरच टाकलेली अक्षरं, ती एक्सपोर्ट केल्यावर चित्राचाच भाग होतात, साडीवर पडलेल्या हळदीच्या डागासारखी. पहिलं बहुतेक ठिकाणी कधीही बदलता येतं, दुसरं बऱ्याचदा बदलता येतं, तिसरं बदलता येत नाही, त्याच्यावर फक्त उपाय करता येतात. चूक दिसली की घाबरून डिलीट दाबायच्या आधी ती या तिघांतली कुठे आहे ते बघा, निम्म्या वेळा ती खालच्या मजकुरात असते आणि लोक उगाच लाइक-कमेंट्ससकट अख्खं रील उडवून मोकळे होतात.

खालचा मजकूर असेल तर काम दोन मिनिटांचं. इन्स्टावर रील उघडा, तीन टिंबं, एडिट, बदला, बरोबरची खूण. २२०० अक्षरांची मर्यादा आहे, ती काही आपल्याला लागत नाही. तिथेच कव्हरही बदलता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणजे चूक फक्त कव्हरवरच्या अक्षरांत असेल तर गॅलरीतून नवीन चित्र टाका, व्हिडिओला हात लावायची गरज नाही. फक्त कोलॅब पोस्ट (दोन-तीन अकाउंट्सवर मिळून टाकलेली) असेल तर ज्याच्या अकाउंटवरून मुळात टाकली त्यालाच एडिट करता येतं, आमच्या मंडळाच्या रीलला मी अर्धा तास एडिटचं बटण शोधत होतो आणि ते बटण कार्यकर्त्याच्या फोनमध्ये होतं, आणि कार्यकर्ता ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला नदीपात्रात. फेसबुक, यूट्यूबलाही खालचा मजकूर असाच बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत एडिट होतो, व्हिडिओखाली लिहिलेलंही, त्यानंतर नाही. स्टेटसला टाकलं असेल तर काढून परत टाका, तसंही ते २४ तासांचंच.

आता सबटायटल, इथे जरा थांबूया कारण खरी मजा इथे आहे. मी पुण्यातल्या पर्वती टेकडीवर एक नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला होता यूट्यूबसाठी, आणि ऑटोमॅटिक सबटायटलने पहिल्या ओळीपासून पर्वतीची पार्वती करून टाकली. "आम्ही सकाळी सहाला पार्वती चढायला सुरुवात केली." वाचा परत एकदा. मावशीच्या रीलमध्येही थालीपीठाच्या भाजणीचं भजनी झालं होतं, पण ते निदान सात्त्विक होतं.

यूट्यूबला हे असं दुरुस्त करायचं. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये यूट्यूब स्टुडिओ उघडा, फोनवर हे काम करायच्या फंदात पडू नका. डावीकडे सबटायटल्स, तुमचा व्हिडिओ निवडा, ऑटोमॅटिक लिहिलेली ओळ दिसेल, तिच्यासमोर डुप्लिकेट अँड एडिट. मग सगळी वाक्यं वेळेसकट समोर येतात, चुकीचं बदला आणि पब्लिश करा. मूळची ऑटोमॅटिकवाली ओळ तीन टिंबांतून अनपब्लिश करा म्हणजे कोणी चुकून ती लावणार नाही. आणि हो, व्हिडिओच्या डिटेल्समध्ये भाषा मराठी ठेवली आहे ना ते बघा, माझ्या एका व्हिडिओची भाषा हिंदी लागली होती आणि सगळे "आहे" चे "हाय" झाले होते.

चुका खूप असतील तर फाइल डाउनलोड करून बाहेर दुरुस्त करणं सोपं पडतं. ती एसआरटी फाइल असते, साध्या नोटपॅडमध्ये उघडते, आत असं काहीतरी दिसतं:

12
00:00:41,500 --> 00:00:44,000
आम्ही सकाळी सहाला पर्वती चढायला सुरुवात केली

आकडा, मग वेळ, मग वाक्य, मग एक मोकळी ओळ. मोकळी ओळ खाल्ली तर दोन वाक्यं एकमेकांत घुसतात. आता मी खाल्लेली ठेच सांगतो: मराठी कीबोर्ड चालू ठेवून वेळेच्या ओळीत आकडा बदलला की तो मराठी आकडा पडतो, आणि मग फाइल काही केल्या चढत नाही. वेळेची ओळ इंग्रजी आकड्यांतच पाहिजे, सेकंदांनंतर स्वल्पविराम पाहिजे, टिंब नाही. खालच्या वाक्यात मराठी आकडे बिनधास्त लिहा. आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना बघा, नाहीतर अख्ख्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. २०१९ नंतरच्या विंडोजचं नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ च धरतं, जुनं मशीन असेल तर सेव्ह ॲजमध्ये जाऊन निवडावं लागतं.

फाइंड-रिप्लेस वापरायचा मोह होईल. मला झाला. "पार्वती" शोधा, "पर्वती" टाका, रिप्लेस ऑल, काम तमाम. मग संध्याकाळी एका काकांची कमेंट, "देवदेवेश्वराच्या मंदिरात शंकर, गणपती आणि पर्वती आहेत हे नव्यानेच कळलं." बरोबरच होतं त्यांचं, तिथे खरोखरची पार्वती होती आणि मी तिची टेकडी केली होती. तर रिप्लेस ऑल नको, एकेक बघत बदला.

फेसबुकला स्वतःची एसआरटी टाकायची तर फाइलच्या नावातच भाषेचा कोड लागतो, नाव, मग टिंब, मग एमआर, खालची रेघ, आयएन, मग टिंब एसआरटी. हे सगळं इंग्रजी अक्षरांत. नुसतं "पर्वती फायनल" अशा नावाची फाइल तो घेत नाही, फायनल-२ पण नाही.

आता तिसरा प्रकार, चित्रातच भाजून गेलेली अक्षरं. इथे आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही चूक वाचून कोणी चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी जाईल का, चुकीचे पैसे देईल का, चुकीच्या माणसाला फोन लावेल का? हो असेल तर व्हिडिओ उतरवायचा, किती व्ह्यूज आलेत ते बघायचं नाही. फोन नंबरचा एक आकडा चुकला असेल तर तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा तो नंबर ज्याचा आहे त्या बिचाऱ्याचे हाल जास्त, दिवसभर त्याला लोक चकलीचा भाव विचारणार. नाही असेल, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, एखादा अनुस्वार, "आणि"ची "आणी", तर राहू द्या. पुण्यात कमेंटमध्ये शुद्धलेखन तपासून मिळतं, फुकट आणि तत्पर, आणि त्या भांडणात रील चार जणांकडे जास्तच पोचतं.

उतरवायचा म्हणजे लगेच डिलीट नाही हां. इन्स्टावर तीन टिंबांत अर्काइव्ह आहे, त्याने रील लोकांना दिसेनासं होतं पण कमेंट्स, लाइक सगळं तुमच्याकडे राहतं. रागाच्या भरात डिलीट केलंच असेल तर रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस असतं, परत आणता येतं. मावशीच्या वेळी मी असं केलं: आधी खालच्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत "दुरुस्ती: दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं" असं टाकलं, तेच कमेंटमध्ये लिहून पिन केलं (तीन कमेंट्स पिन करता येतात तिथे), मग शांतपणे पाटी बदलून व्हिडिओ परत एक्सपोर्ट केला, नवीन टाकला आणि मग जुना अर्काइव्ह. या क्रमाने केलं की मधला तासभर कोणी फसत नाही. दुरुस्ती पहिल्या ओळीतच हवी बरं का, खाली लिहिली तर "आणखी"च्या मागे लपते आणि ते दाबून वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

जे लोक आधीच व्हिडिओ डाउनलोड करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बसलेत त्यांचं काही करता येत नाही. मावशीच्या ग्रुपवर तो चालूवाला व्हिडिओ दिवाळीनंतरही फिरत होता.

यूट्यूबला आणखी वेगळं दुखणं. तिथे आहे त्याच लिंकवर नवीन व्हिडिओ चढवता येत नाही, परत टाकला की लिंक नवी आणि व्ह्यूज शून्य. पण काही सोयी आहेत. पर्वतीच्या व्हिडिओत मी एका पाटीवर मंदिराचं साल १७४९ च्या ऐवजी १७९४ लिहिलं होतं, आकडे उलटे पडले, आणि खाली लिहिलेलं नानासाहेब पेशव्यांनी बांधलं म्हणून, जे १७६१ साली, तेही पर्वतीवरच, वारले. म्हणजे माझ्या हिशेबाने ते गेल्यानंतर ३३ वर्षांनी देऊळ बांधायला परत आले. असं असलं की तीन रस्ते. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम करून तेवढे सेकंद कापता येतात, लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात, फक्त आवाजही कापला जातो म्हणून वाक्य मध्येच तुटत नाही ना ऐकून घ्या, आणि बदल दिसायला वेळ लागतो, तोवर जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. १ लाखाच्या वर व्ह्यूज गेले असतील आणि चॅनल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल तर ट्रिम सेव्ह न होण्याची शक्यता असते, पण आपला तो प्रॉब्लेम नाही.

दुसरा रस्ता ब्लर. कस्टम ब्लरमध्ये चौकोन ओढून चुकलेल्या आकड्यावर ठेवायचा आणि कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत ते सांगायचं. फोन नंबर झाकायला एकदम उत्तम. सालावर मी करून बघितलं तर बातम्यांत आरोपीचा चेहरा झाकतात तसं दिसायला लागलं, पेशव्यांच्या नावाशेजारी ते बरं नाही वाटलं, काढून टाकलं.

तिसरा मला सगळ्यात आवडला. डिस्क्रिप्शनमध्ये इंग्रजी अक्षरांत करेक्शन हा शब्द आणि त्याच्यापुढे कोलन लिहायचा, खालच्या ओळीत वेळ, जसं की 2:14, आणि पुढे मराठीत "मंदिराचं साल १७४९, १७९४ नव्हे". तो शब्द मात्र इंग्रजीतच लागतो, बाकी डिस्क्रिप्शन मराठीत असलं तरी चालतं. चॅप्टर्स दिले असतील तर हे त्यांच्या खाली यायला हवं. मग त्या वेळेला व्हिडिओच्या कोपऱ्यात दुरुस्ती असल्याचं छोटं कार्ड येतं. चूक लपवल्यासारखं वाटत नाही आणि बघणाऱ्याला त्याच क्षणी कळतं.

एक वेगळी चूक असते जी तुमची नसतेच, फॉन्टची असते. फोनवर बरोबर टाइप केलेलं "विद्यार्थी" व्हिडिओत तुटून येतं, पाय मोडलेला द वेगळा, वेलांटी भलत्याच अक्षरावर. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये सेटिंगमध्ये टेक्स्टचं इंजिन साउथ एशियनवर करावं लागतं, मग जोडाक्षरं जुळतात. फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी कचरा दिसत असेल तर तो जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला आहे, सरळ परत टाइप करा, कन्व्हर्टरच्या नादात "ऱ्या" आणि "र्या"चा घोळ होतो आणि तो नजरेतून सुटतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि जोडाक्षरं नीट धरतात.

आणि परत एक्सपोर्ट करायची वेळ येणारच हे धरून चाला. मी आता ॲपमधला ड्राफ्ट महिनाभर तरी उडवत नाही, आणि प्रत्येक व्हिडिओची एक अक्षरं न टाकलेली कोरी कॉपी ड्राइव्हवर ठेवतो. ती नसेल तर एका शब्दासाठी सगळं पहिल्यापासून कापायला बसावं लागतं. पोस्ट करायच्या आधी आवाज बंद करून एकदा नुसतं वाचतो, आणि वेळ, भाव, पत्ता, नंबर असलेली पाटी ज्याचं दुकान आहे त्याला पाठवतो. मावशी आता चष्मा लावून, बोट ठेवून, मोठ्याने वाचते, आणि रात्री नऊनंतर पाठवलं तर बघतच नाही. दुपारी १ ते ४ मध्येही नाही.