मस्कचा ब्लॉटर कोरा वाटला तर

परफ्युमरी शिकायला आलेल्या मुलांपैकी एखादा तरी गॅलॅक्सोलाइड या कृत्रिम मस्कचा (कस्तुरीसारख्या वासाच्या द्रव्याचा) ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायची कागदी पट्टी, हुंगून हमखास म्हणतो, "सर, याला वासच नाहीये." शेजारच्या मुलीला तोच ब्लॉटर गोडसर, धुतलेल्या कपड्यांसारखा वाटत असतो. नाक खराब म्हणून घाबरायचं कारण नाही. मस्कचे रेणू आकाराने मोठे, आणि एखाद्या ठरावीक मस्कचा वास अजिबात न येणारी माणसं बरीच असतात. त्याच मुलाला इथिलीन ब्रासिलेट किंवा हॅबॅनोलाइड हे दुसरे मस्क व्यवस्थित येऊ शकतात. म्हणून सुरुवातीलाच चार-पाच मस्क घेऊन बसा आणि कुठला येतो, कुठला येत नाही ते वहीत खरं खरं लिहा. पुढे इव्हॅल्युएशनला, म्हणजे वास पारखायला, बसाल तेव्हा ही वही कामी येते.

मस्क नुसता हुंगून फारसा कळतही नाही. एकच साधा मोगऱ्याचा ॲकॉर्ड (वासांचं मिश्रण) दोन बाटल्यांत घ्या, एकीतच मस्क घाला. ताजे ब्लॉटर जवळपास सारखेच वाटतील. दुसऱ्या दिवशी मात्र मस्कवाला अजून भरलेला असतो, दुसरा विरळ झालेला. माझ्या मते हा प्रयोग दहा व्याख्यानांच्या तोडीचा आहे.

मुलाखतीत इतिहास विचारतात, तेवढा माहीत हवा. 1888 मध्ये आल्बर्ट बाउर हा रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होता आणि हाती लागला नायट्रो मस्क, एक कृत्रिम मस्क. 1926 मध्ये रुझिका या रसायनशास्त्रज्ञाने मस्कोनचं, म्हणजे कस्तुरीला वास देणाऱ्या रेणूचं, पंधरा कार्बनचं वलय उलगडलं. एवढं मोठं वलय टिकेल असं तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना वाटत नव्हतं. कस्तुरीमृगाला आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे कुणी 'असली कस्तुरी' विकत असेल, तर ती एक तर नकली किंवा गुन्हा. नैसर्गिकच हवं असेल तर कस्तुरी भेंडीच्या बियांचं तेल हुंगा. महाग आहे, पण अप्रतिम.

शिकायचं कुठे, तर मुंबईत मुलुंडच्या वझे कॉलेजचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि अत्तराचं काम जवळून बघायचं असेल तर कनौजचं एफएफडीसी, म्हणजे फ्रॅग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. गॅलॅक्सोलाइड मधासारखं घट्ट असल्यामुळे बहुतेकदा निम्मं पातळ करून येतं. वजन करण्याआधी लेबलवरची टक्केवारी आणि सॉल्व्हंट (पातळ करायला वापरलेला द्रव) वाचा, नाहीतर फॉर्म्युल्यातला मस्क थेट अर्ध्यावर येतो.