सर्फ गिटारचा आवाज जमत नाही? या चुका टाळा

सर्फ, म्हणजे साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं गिटारप्रधान संगीत, वाजवायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी रिव्हर्बचं (घुमण्याच्या इफेक्टचं) बटण दहावर नेतात, आणि तिथेच गणित चुकतं. सर्फचा आद्य गिटारवादक डिक डेल याचं ‘लेट्स गो ट्रिपिन’ १९६१ मध्ये आलं. त्यात रिव्हर्ब नाहीच, तरी पहिल्या काही सेकंदांत ओळखू येतं की हे सर्फ आहे. पिक धरलेला हात, जाड तारा आणि न फाटणारा अ‍ॅम्प, मूळ आवाज यांचा आहे. रिव्हर्ब त्यावर शेवटी चढतो.

बारीक तारा

०९ च्या सेटवर (सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर चढतो, आणि तळहाताने तार दाबून वाजवली की नुसती टकटक ऐकू येते. डेल १६ ते ६० असा सेट लावायचा. त्याची नक्कल करू नका: नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा मोठ्या कराव्या लागतात, नेकवर ताण येतो, बोटांचं तर विचारूच नका. ११ चा सेट पुरतो. १० वरून ११ वर जाताना नेक थोडी पुढे वाकते, म्हणून तारा एक दिवस बसू द्या. मग नेक सरळ करायला ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

जॅझमास्टर, जॅग्वारवर तार सॅडलमधून उडते

फेंडरच्या या दोन गिटारींबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि खापर फुटतं ब्रिजवर (सॅडल म्हणजे ब्रिजवरचे तार टेकण्याचे तुकडे). खरं कारण असं की ब्रिजच्या मागे तार टेलपीसकडे (तारेचं टोक अडकवतात तिकडे) जवळजवळ सपाट जाते, त्यामुळे ती सॅडलवर पुरेशी दाबली जात नाही. ही गिटार आली तेव्हा जाड तारांचा जमाना होता, तेव्हा हे चालून जायचं. उपाय: तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढा. नेक बसते त्या खोबणीत, ब्रिजच्या बाजूच्या टोकाला, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवा. जुनं एटीएम कार्ड कापलं तरी चालतं. नेक किंचित मागे झुकते, मग तारांची उंची राखायला ब्रिज वर घ्यावाच लागतो आणि मागचा कोन वाढतो. वाजवता वाजवता सॅडल खाली बसत असेल तर त्याच्या बारीक स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. ब्रिज पुढे-मागे डुलतो म्हणून त्याला टेप गुंडाळून जाम करू नका. ट्रेमोलोबरोबर (सूर हलवणाऱ्या दांडीबरोबर) डुलण्यासाठीच तो तसा बनवलाय, जाम केला की ट्यूनिंग परत जागेवर येत नाही.

रिव्हर्ब चुकीच्या जागी

फेंडरचा १९६१ चा स्वतंत्र रिव्हर्ब डबा गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसायचा. त्यावर तीन बटणं: ड्वेल, मिक्सर, टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोराने धक्का द्यायचा, मिक्सर म्हणजे त्यातलं किती ऐकू यायचं. अ‍ॅम्पमधल्या रिव्हर्बला बहुधा एकच बटण असतं, म्हणून तिथे तो पाण्यात थेंब पडल्यासारखा ‘टुप्’ नीट येत नाही. पेडल घेणार असाल तर ड्वेल वेगळा असलेलंच घ्या. सुरुवातीला ड्वेल ७, मिक्सर ४, टोन ६ ठेवा, आणि तळहाताने तार दाबून छोटे, तुटक स्वर वाजवा. लांबवलेल्या स्वरावर ‘टुप्’ ऐकू येणार नाही, तो पिकच्या आघातातून येतो.

सगळा गढूळपणा होत असेल तर पेडलांची साखळी तपासा. रिव्हर्बनंतर ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) लावला की स्प्रिंगचा आवाजही फाटतो. अ‍ॅम्पचा गेनही खाली आणा. डेलसाठी लिओ फेंडरने पंधरा इंची स्पीकरचा ताकदवान शोमन अ‍ॅम्प बनवला, तो मोठ्या हॉलमध्येही आवाज स्वच्छ राहावा म्हणूनच. खरा स्प्रिंग टँक (रिव्हर्बच्या स्प्रिंगा असलेली पेटी) असेल आणि घुंई येत असेल, तर टँकचं आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब आहे ना ते बघा. टँक स्पीकरवर ठेवला की तो शिट्टी मारतो.

‘मिसिरलू’ कोपराने

‘मिसिरलू’ ही डेलची गाजलेली धून. ती वाजवताना खांदा-कोपर आवळून दुहेरी (वर-खाली) पिकिंग केलं की हात मिनिटभरात भरून येतो. मनगट सैल ठेवा, पिकचं टोक तारेत एक-दोन मिलिमीटरच बुडू द्या. मेट्रोनोम ९० वर, दर ठोक्याला चार आघात. दोन मिनिटं एकसारखे निघाले की पाचने वाढवा. धून जाड ई तारेवरच चढते. ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प: ई ला षड्ज मानलं तर हे भैरव थाटाचेच स्वर आहेत. पेटीवर भैरव घोटलेल्याला ते आधीच पाठ असतात. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, आणि ही पूर्व भूमध्य भागातली जुनी धून त्याच्या घरच्या संगीतातली.

शॅडोजला सर्फ समजणं

शॅडोज या ब्रिटिश बँडचं ‘अपाची’ स्प्रिंग रिव्हर्बवर वाजवून ‘काहीतरी कमी वाटतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९६० मध्ये लंडनला त्यांचा गिटारवादक हँक मार्विनच्या हातात होता टेप एको (टेपवर प्रतिध्वनी देणारं यंत्र), सर्फच्या कॅलिफोर्नियाशी त्याचा संबंध नाही. रिव्हर्ब बंद करा, डिले ३०० ते ३५० मिलिसेकंद, दोन-तीन आवर्तनं, मूळ आवाजापेक्षा बराच हळू. पिक हलका, आणि ट्रेमोलोची दांडी पूर्ण वेळ बोटांत.