मका निघाला, उंदीर खळ्यात आला, जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग सांभाळा

परवा सकाळी हरभऱ्याच्या वावरात रोटा (रोटाव्हेटर) मारायला ट्रॅक्टर काढायला गेलो, चावी फिरवली तर टक् नाही की टुक् नाही. लाईट लावून बघितले, ते पण नाही. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली, म्हटलं टर्मिनल ढिलं झालं असेल, बोनेट उचललं आणि बघतच राहिलो. बॅटरीमागच्या पत्र्याच्या खाचेत कापूस, खताच्या गोणीच्या चिंध्या, मक्याच्या कणसांची सालं असं सगळं गोल गोल दाबून घरटं केलेलं, आत पाच-सहा लालबुंद पिल्लं, डोळे पण उघडले नव्हते, आणि खाली इंजिनवर तांदळाच्या दाण्याएवढे लाल, पिवळे, हिरवे प्लास्टिकचे तुकडे सांडलेले. सेल्फच्या स्विचकडे जाणारी वायर वीतभर सोललेली, आतलं तांबं चकचकीत. गावातला बॅटरीवाला आला, वाकून एकदा बघितलं आणि म्हणे, "आबा, हाई उंदीरनं काम शे." ते तर मला पण दिसत होतं. गणपतीत ज्याच्यापुढे मोदक ठेवला तोच दिवाळीत वायर खातो, काय बोलणार.

आता हे आत्ताच का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. पावसाळाभर उंदीर शेतात मजेत असतो, बांधावर बीळ, बाजूला मका, ज्वारी, सोयाबीन. ऑक्टोबरमध्ये मका निघतो, वावर मोकळं होतं, रोटा फिरला की बिळं पण मोडतात, मग तो निघतो खळ्याकडे. आणि खळ्यात आपण त्याच्यासाठी काय काय मांडून ठेवलेलं असतं? कणसांचा ढीग, ढेपेची पोती, कुट्टी, आणि भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस, म्हणजे खायला सरकी आणि अंथरायला गादी एकाच ठिकाणी. त्यात आपल्याकडे दिवाळीनंतर रात्री गार पडतात आणि संध्याकाळी उभं केलेलं इंजिन कितीतरी वेळ गरम राहतं. वायर काही तो पोट भरायला खात नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात, घासले नाहीत तर तोंड मिटणार नाही, म्हणून जिथे राहतो तिथे जे समोर येईल ते कुरतडतो. मग तुम्ही वायरला काय लावता त्याच्यापेक्षा त्याला बोनेटखाली राहू देता की नाही हे मोठं.

म्हणून पहिलं काम, ट्रॅक्टर उभा करायची जागा बदला. आमचा उभा होता तो कडब्याच्या गंजीला अगदी खेटून, चूक माझीच. गंजी, पोती, पऱ्हाट्यांचा ढीग याच्यापासून आठ-दहा फूट तरी मोकळी जमीन पाहिजे, उंदीर उघड्यावरून पळायला घाबरतो, भिंतीच्या कडेकडेने जायची त्याची सवय. टूलबॉक्समध्ये पुसायच्या चिंध्या, सीटखाली रिकामी बारदानं ठेवू नका. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काम झालं, इंजिन थंड झालं की बोनेट उघडंच ठेवायचं. अंधार आणि आडोसा गेला की त्याला तिथे करमत नाही, वर एखादा एलईडी बल्ब लटकवला तर अजून बरं. दव पडत असेल तर शेडमध्येच असं ठेवा, उघड्यावर नको. ट्रॅक्टर बसून असेल तरी दोन-तीन दिवसांनी एकदा चालू करा, बोनेटमध्ये हात घालून बघा. मादी तीन आठवड्यांत पिल्लं घालते, म्हणजे डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आल्यावर बघू म्हणाल तर तोपर्यंत आत वस्ती झालेली असते.

शेडच्या भिंतीची भोकं बुजवताना नुसता बोळा कोंबू नका, सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवा. खिडकीला जाळी पाव इंची घ्या, अर्ध्या इंचाच्या भोकातून लहान उंदीर आरामात येतो.

दुसरं काम बॅटरीचं. जुन्या गाडीत खरी भीती ट्रॅक्टर चालू होत नाही ही नाही, आग लागायची आहे. सोललेली वायर बॉडीला टेकली की शॉर्ट, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टर-जीपमध्ये फ्यूज उडाला की लोक तांब्याची तार गुंडाळतात, मग फ्यूज उडत नाही, वायरिंग जळते, आणि घरटं म्हणजे सुका कापूसच की. व्होल्ट बाराच असतात म्हणून हलक्यात घेऊ नका, शॉर्टमध्ये बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तर फ्यूज ज्या अँपिअरचा आहे त्याच अँपिअरचा टाका आणि बॅटरीला एक कट-ऑफ स्विच बसवून घ्या, रात्री बंद. तो नसेल तर एक केबल काढून ठेवा, जी बॉडीला बोल्टने लागलेली आहे ती आधी काढायची आणि लावताना ती शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते.

कुरतडलेल्या वायरला नुसती काळी टेप गुंडाळून चालत नाही. इंजिनच्या गरमीने आणि डिझेलने तिचा गोंद सुटतो आणि महिन्याभरात ती लोंबायला लागते. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर जोडा, सोल्डर मारा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. मग वायरीचा गठ्ठा फ्लेक्झिबल पाईपमध्ये घाला. प्लास्टिकचा पाईप पण तो कुरतडतो हे खरं, म्हणून जिथे त्याला बसायला पत्रा आहे, म्हणजे बॅटरीचा ट्रे, डॅशबोर्डच्या मागची खाच, तेवढ्या भागाला स्टीलचा फ्लेक्झिबल घ्या, टोकाला रबरी बुश घाला नाहीतर पाईपची धारच वायर कापेल. सायलेन्सरच्या फार जवळून नेऊ नका. माझं साहित्य आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत भागलं.

आता लोकांचे उपाय. डांबर गोळ्या मी दोन वर्षं टाकल्या, मोकळ्या हवेत वास आठ दिवसांत उडतो आणि उंदराला सवय पण होते. बंद केबिनच्या गाडीत तर टाकूच नका, ती वाफ आपल्याच छातीत जाते. तंबाखूच्या पुड्या, पुदिन्याचं तेल, तीच गत. आवाजाची मशीन विकणारे बरेच येतात, मला त्यात दम दिसला नाही. मिरचीचं मात्र थोडंफार जमतं, नंदुरबारची तिखट मिरची बारीक दळून ग्रीसमध्ये कालवायची आणि पाईपवरून हात फिरवायचा, हातमोजे घालून, बेल्टला आणि ब्रेकला लागू द्यायची नाही. धूळ बसली की परत लावावी लागते. जळकं ऑइल किंवा रॉकेल वायरीवर अजिबात मारू नका, वायरीचं कव्हर मऊ पडतं आणि आगीला आमंत्रण ते वेगळं.

विष गाडीत ठेवायचं नाही. एक तर तो आतच कुठेतरी मरतो आणि महिनाभर वास, दुसरं म्हणजे खळ्यात कुत्रं, कोंबड्या, लहान पोरं असतात. खळ्यात पिंजरा बरा, भिंतीच्या कडेला, आत भाकरीचा तुकडा तेल लावून. विषाची जागा बांधावर. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. तिथे दोन-तीन दिवस नुसती धान्याची भरड तेल लावून टाका, त्याला चटक लागली की मग झिंक फॉस्फाईडची. प्रमाण ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, काठीने कालवायचं, हात नाही, पाणी लागू द्यायचं नाही, कारण ओल लागली की विषारी वायू सुटतो आणि त्याच्यावर उतारा नाही. कागदाच्या पुडीत दहा-दहा ग्रॅम बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा, मेलेले उंदीर खोल पुरा, नाहीतर ते खाऊन घुबड-मांजर पण मरतं. आणि हे एकट्याने करून उपयोग नाही, शिवेवरचे चार जण मिळून एकाच आठवड्यात करा, नाहीतर शेजारच्या बांधावरचे इकडे येतात.

घरटं निघालं तर सुकं झाडू नका, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, तोंडाला रुमाल आणि हातमोजे घालून मग उचला. तेवढ्यात एअर क्लीनर आणि रेडिएटरची पुढची जाळी पण बघून घ्या. आम्हाला वायरिंग झाल्यावर वाटलं संपलं, ट्रॅक्टर चालू केला तर काळा धूर आणि ओढच नाही, एअर क्लीनरचा पाईप उघडला तर आत मूठभर कापूस आणि सरकीची टरफलं. उभ्या सायलेन्सरवर रात्री पत्र्याचा डबा पालथा घालतो आता, सकाळी तो काढायचा विसरलो की स्टार्ट मारल्यावर धाडकन उडून कोंबड्यांच्या खुराड्यावर पडतो, दोनदा झालंय.