कॅम्पग्राउंडची सवलत-मेंबरशिप घ्यावी का? आरव्हीने निघण्याआधी करायचा हिशेब

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं म्हटलं की गाडी आणि पेट्रोलच्या पाठोपाठ मोठा खर्च असतो तो मुक्कामाचा. फुल हुकअपची जागा, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली, खासगी कॅम्पग्राउंडवर रात्रीला 50 ते 80 डॉलरला पडते. उन्हाळ्यात गर्दीच्या ठिकाणी त्याहून जास्त. अशा वेळी ‘निम्म्या दरात मुक्काम’ अशी जाहिरात दिसली की सभासदत्वाचं कार्ड घेऊन टाकावंसं वाटतंच. पण पैसे भरण्याआधी अर्धा तास बसून हिशेब करा. बहुतेक कुटुंबांना उत्तर त्या अर्ध्या तासातच मिळतं.

आधी रात्री लिहून काढा

प्रत्येक रात्रीचा मुक्काम कुठे, ते कागदावर लिहा. मग ज्या रात्री कार्ड चालणारच नाही, त्या खोडा. नॅशनल पार्कच्या आतली कॅम्पग्राउंड्स, स्टेट पार्क, मावसभावाच्या ड्राइव्हवेत लावलेली गाडी, रस्त्यात कुठे फुकट काढलेली रात्र, या सगळ्या गेल्या. खासगी क्लबांच्या सवलती यांपैकी कुठेही लागू होत नाहीत.

उदाहरण घेऊ. लास वेगासहून पंचवीस फुटी मोटरहोम भाड्याने घेऊन झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही तीन नॅशनल पार्क, दहा रात्री. आपल्याकडच्या मंडळींचा हा अगदी आवडता मार्ग. झायनला वॉचमन, ब्राइसला नॉर्थ आणि ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला मेदर, अशा पार्कच्या आतल्याच कॅम्पग्राउंड्सवर प्रत्येकी दोन रात्री मिळाल्या असं समजा. दहातल्या सहा गेल्या. उरल्या चार. हिशेब त्या चारांचाच करायचा.

मग भागाकार

कार्डाची वर्षाची वर्गणी भागिले एका रात्रीची बचत, म्हणजे वर्गणी वसूल व्हायला लागणाऱ्या रात्री. गुड सॅम (आरव्हीवाल्यांचा क्लब) आणि केओए (खासगी कॅम्पग्राउंडची साखळी) यांची नेहमीची सवलत 10 टक्क्यांची. 60 डॉलरच्या जागेवर वाचतात 6 डॉलर. वर्गणी 40 डॉलर धरली तर ती वसूल व्हायला सात रात्री हव्यात, आणि वरच्या प्रवासात आहेत चार. हे कार्ड त्या कुटुंबाने घेऊ नये. वर्षात असे दोन-तीन प्रवास होणार असतील तर गोष्ट वेगळी. केओएचं कार्ड फक्त केओएच्याच कॅम्पग्राउंडवर चालतं, हेही लक्षात असू द्या.

पासपोर्ट अमेरिका या सवलतीच्या क्लबाची सवलत 50 टक्क्यांची, म्हणजे त्याच जागेवर 30 डॉलर. दोन रात्रींत वर्गणी सुटते. कागदावर याच्यासारखं कार्ड नाही. खरी परीक्षा पुढच्या पायरीला.

अटी वाचा, आणि फोन करा

मोठी सवलत देणारं कॅम्पग्राउंड ती रिकाम्या जागा भरण्यासाठी देतं, त्यामुळे जागा आपोआप भरतात त्या दिवशी ती नसते. शुक्रवार-शनिवार नाही, चार जुलैचा आठवडा नाही, ऐन हंगामात नाही, एका वेळी दोनच रात्री, अशा अटी प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या वेगळ्या. मुलांच्या शाळा सांभाळून सुट्टीत निघणारं कुटुंब नेमकं याच तारखांना बाहेर पडतं. उलट मंगळवारी निघून गुरुवारी पुढे जाऊ शकणारे निवृत्त लोक हेच कार्ड भरपूर वापरून घेतात.

म्हणून फोन उचला आणि सरळ विचारा: "अमुक तारखेला, तीस अँपियरच्या वीजजोडणीची जागा, सभासदाच्या दराने मिळेल का? कर आणि इतर शुल्क धरून एकूण किती होतील?" आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: दर किती माणसांचा आहे? काही ठिकाणी तो दोघांपुरताच असतो. आई-बाबा भारतातून आलेले, दोन मुलं, असे सहा जण असाल तर माणशी जादा आकार लागून सवलत तिथेच संपते. दोन कार्डांच्या सवलती एकावर एक मिळतील असंही धरू नका, सहसा एकच मिळते.

वाट वाकडी करावी लागते का?

सवलतीचं कॅम्पग्राउंड तुमच्या मार्गापासून तीस मैल आत असेल तर जाऊन-येऊन साठ मैल. मोटरहोम गॅलनला आठ-दहा मैल देते, म्हणजे सहा-सात गॅलन पेट्रोल गेलं. गाडी भाड्याची असेल तर मैलाप्रमाणे वेगळं भाडं. वर संध्याकाळचा दीड तास, भुकेजलेली मुलं आणि अंधारात गाडी मागे घेत जागेवर लावण्याची कसरत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हाच.

हार्वेस्ट होस्ट्सचं गणित निराळं

हार्वेस्ट होस्ट्स हेही वर्गणीचं सभासदत्वच, पण इथे सवलत नसते, मुक्कामच फुकट असतो. वायनरी, शेतं, ब्रुअरी अशा ठिकाणी साधारण एक रात्र राहायचं आणि यजमानांकडून काहीतरी विकत घ्यायचं. वर्गणी शंभर डॉलरच्या आसपास. खरेदीत वीस-तीस डॉलर जातात, म्हणजे रात्रीमागे निव्वळ बचत तीसेक डॉलरची. तीन-चार रात्रींत वर्गणी सुटते. शेतावरचं चीज किंवा सफरचंदं तुम्ही एरवीही घेतलीच असती, तर त्याहून लवकर.

मात्र गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी हवीच, आणि हुकअप बहुतेक ठिकाणी नसतं. हुकअप नाही म्हणजे जनरेटर लावल्याशिवाय एसी नाही. ऑगस्टमध्ये ॲरिझोनात लहान मूल घेऊन अशी रात्र काढू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओरेगन किंवा न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्सच्या बाजूला जाणार असाल तर हे सभासदत्व जरूर घ्या. गाईंच्या गोठ्याशेजारी जाग येणं मुलांना कुठल्याही रिसॉर्टपेक्षा जास्त आवडतं.

थाउजंड ट्रेल्स आणि लांबचे मुक्काम

थाउजंड ट्रेल्स या कॅम्पग्राउंड साखळीचा पास विभागवार मिळतो आणि त्यांच्याच कॅम्पग्राउंड्सवर चालतो. साध्या पासवर एका जागी जास्तीत जास्त 14 रात्री, आणि चारांहून जास्त रात्री राहिलात तर पुढचे सात दिवस त्यांच्या साखळीबाहेर. वर्षभर आरव्हीतच राहणाऱ्यांना तो परवडतो. सुट्टीपुरतं फिरणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे गेल्यावर वरच्या दर्जाचं सभासदत्व विकायचा प्रयत्न होईल. ते करार मोठ्या रकमेचे असतात आणि त्यांना दर वर्षीचं शुल्कही असतं. त्या बैठकीत सही करू नका, घरी येऊन वाचा.

हिवाळाभर एकाच ठिकाणी राहणार असाल तर मासिक दरच मुळात इतका उतरलेला असतो की सवलतीची कार्डं त्यावर सहसा चालत नाहीत. ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने राहण्याचा परवाना मिळतो. हुकअप नाही, पण सोलर असलेल्यांना ते चालतं.

घरात 62 वर्षांचं कुणी आहे?

असेल तर बाकी सगळ्याच्या आधी नॅशनल पार्कांसाठीचा सरकारी सीनियर पास काढा. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, वय 62 किंवा जास्त, एवढीच अट. वर्षासाठी 20 डॉलर, आयुष्यभरासाठी 80. नॅशनल पार्कचा प्रवेश तर मिळतोच, शिवाय अनेक सरकारी कॅम्पग्राउंड्सवर मुक्काम निम्म्या दरात. वर आपण खोडलेल्या रात्रींवर चालणारा पास हाच. पार्कमधली खासगी कंत्राटदारांची कॅम्पग्राउंड्स प्रत्येक वेळी तो मानत नाहीत, तेवढं आधी विचारा. पासधारक प्रवासात सोबत हवा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मात्र तो मिळत नाही.

घ्यायचंच ठरलं तर

महिनोन्‌महिने आधी घेऊ नका, वर्ष खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. केओएसारखी कार्डं पहिल्या मुक्कामाला काउंटरवरच घेता येतात आणि त्याच बिलावर सूट मिळते. ऑनलाइन घेतलंत तर खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरणाचा पर्याय लगेच बंद करा, आणि मुदत संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.