रोमन खापर कसे वाचावे

खापर घासून धुण्याची घाई करू नये. त्यावरची शाईची अक्षरे एकदा गेली की परत मिळत नाहीत. आधी काठ, कान किंवा बूड ओळखून भांड्याचा आकार ठरवावा, मग तुटलेल्या कडेवरील खनिजकण भिंगातून पाहून माती कुठली याचा माग घ्यावा.

रोममधील मोन्ते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंच टेकडी मुख्यतः स्पेनमधील बेटिका प्रांतातून ऑलिव्ह तेल आणणाऱ्या अँफोरांच्या, म्हणजे दोन कानांच्या रांजणांच्या, खापरांची आहे. तेथील कानांवरचे शिक्के उत्पादकांपर्यंत नेतात. शाईच्या नोंदींत रिकाम्या रांजणाचे व तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव आणि कधी कॉन्सुलांच्या, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांवरून वर्षही सापडते, आणि राजधानीला तेल पुरवणारी काटेकोर यंत्रणा त्यातून उलगडते, हे मला विलक्षण वाटते. खापर कोणत्या थरात सापडले, हे मात्र तत्काळ नोंदवावे.