कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लावतो? फॉरमॅट मारण्याआधी एवढं करा

जळगाव असो की शहादा, कॉम्प्युटर हळू चालू होतो म्हटलं की समोरचा एकच औषध सांगतो: फॉरमॅट मारून घे. फॉरमॅटनंतर आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. वर टॅलीचा डेटा, लग्नपत्रिकांच्या फायली आणि मराठी फॉन्ट गेले ते वेगळंच. गिऱ्हाईक ‘भो, हाई चालूच व्हस नही’ म्हणत येतं, तेव्हा मी आधी एकच विचारतो: नेमकं कुठे थांबतं?

मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा आणि तीन टप्प्यांना लागणाऱ्या वेळा कागदावर लिहा. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत एक. चिन्हापासून पासवर्ड विचारेपर्यंत दुसरी. पासवर्ड टाकल्यापासून माउस खऱ्या अर्थाने ऐकायला लागेपर्यंत तिसरी. या तिन्हींचे गुन्हेगार वेगळे असतात. हे न बघता उपाय करत सुटलं की पैसेही जातात आणि रोगही राहतो.

मग एकदा ‘रीस्टार्ट’ देऊन त्याच वेळा पुन्हा मोजा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शटडाउन’ दिलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं. रीस्टार्टपेक्षा सकाळची सुरुवातच जास्त वेळ घेत असेल, तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढून टाका.

पहिल्या टप्प्यात वेळ जात असेल तर विंडोजचा काही दोष नाही, त्यामुळे फॉरमॅटचाही उपयोग नाही. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, अंगठ्याचं मशीन, कार्ड रीडर, सगळं उपसा. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवून बघा. फरक पडला तर एकेक जोडत जा. रोज तारीख चुकत असेल किंवा ‘एफ १ दाबा’ म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बूटच्या (मशीन कुठून सुरू व्हायचं त्याच्या) क्रमात विंडोजची डिस्क पहिली ठेवा.

सकाळी ठीक आणि मे महिन्यात दुपारी मात्र रडतो, असं असेल तर कॅबिनेट उघडा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि धुळीचीही कमी नाही. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत तर कापसाचा तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली पोतेऱ्यासारखा थर धरतो. तो वरून दिसत नाही, पंखा काढल्यावरच दिसतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, काढलंच तर प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

तिसरा टप्पा सगळ्यात सोपा: विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, त्यात ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते, नको ते डिसेबल करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा.

आता डिस्क, म्हणजे राहिलेल्या दुसऱ्या टप्प्याचा मुख्य गुन्हेगार. खरी गोची इथेच असते आणि मीही बरीच वर्षं इथेच अडखळत होतो, कारण टास्क मॅनेजरमधला ‘डिस्क १०० टक्के’ हा एकच आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चालू झाल्यावर काही मिनिटं १०० टक्के दिसणं हा आजार नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचतं, आणि ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेणारी) डिस्क असे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचू शकते. हे तिचं वय नव्हे, तिचा स्वभाव आहे. रॅम वाढवून किंवा फॉरमॅट मारून तो बदलत नाही. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, घाला.

पण दहा मिनिटांनंतरही १०० टक्केच आहे, वेग सेकंदाला एक-दोन एमबी आहे, आणि परफॉर्मन्स टॅबमधला ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ) सतत हजार मिलिसेकंदांच्या घरात आहे, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर लावा. त्यातले कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दिसतात. ते सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर भलताच अर्थ निघतो. मग तीन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कचे बारीक कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. सी५ शून्य नसेल तर डिस्कवर भरवसा संपला. त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्या.

तिसरी ओळ सी७, आणि लोक फसतात ते हिच्यावर. हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा आहे. ०५ आणि सी५ शून्य, पण सी७ वाढतोय, तर डिस्क बहुधा धडधाकट आहे आणि केबल खराब किंवा ढिली आहे. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या शंभर-दीडशेच्या साटा केबलसाठी चांगली डिस्क भंगारात गेलेली मी पाहिली आहे. मात्र केबल बदलल्यावर हा आकडा शून्य होत नाही. आजचा लिहून ठेवा, चार दिवस वापरा. तिथेच थांबला तर काम फत्ते.

एक ताकीद. सी५ वाढलेल्या डिस्कवर डेटा काढण्याआधी डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) किंवा विंडोजच्या ‘चेकडिस्क’ची खोल तपासणी चालवू नका. ती तासन्‌तास डिस्क घासते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. ‘आधी रिपेअर मारून बघू’ म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका.

रोज सकाळी ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग’ येत असेल आणि डिस्कचे आकडे चांगले असतील, तर संध्याकाळी काय होतं ते बघा. शटडाउन देतात आणि शटर ओढायच्या घाईत मेन स्विच पाडतात. पडदा काळा झाला म्हणजे मशीन बंद झालं असं नाही, दिवा विझेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात यूपीएसची बॅटरीही बसते. वीज गेल्यावर दोन मिनिटंही न टिकणारा यूपीएस शोभेचा.

व्हिडिओत हमखास सांगितले जाणारे दोन उपाय माझ्यासमोर काढू नका. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवायची, हा पहिला. विंडोज तसेही सगळे कोअर वापरतं. प्रीफेचचं फोल्डर रिकामं करायचं, हा दुसरा. ते फोल्डर लवकर सुरू होण्यासाठीच असतं, उडवलं तर पुढची सुरुवात आणखी रेंगाळते.

एसएसडी घालताना क्लोन करा, म्हणजे जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी नवीवर उतरवा. साध्या साटा पोर्टवर अडीच इंची २४० किंवा २५६ जीबीची पुरते, फक्त जुन्या डिस्कवरचा वापरलेला भाग त्यात मावला पाहिजे. सोर्स (जुनी) आणि टार्गेट (नवी) निवडताना डिस्क ० की १ यावर जाऊ नका. आकार आणि मॉडेल वाचा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाईल. एकटा ‘सी’ ड्राइव्ह नको, बूटचा छोटासा भागही घ्या, नाहीतर नवी डिस्क सुरूच होणार नाही. बायोसमधल्या एएचसीआयच्या, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीच्या, सेटिंगला हात लावू नका.

क्लोन झाल्यावर मशीन बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि पहिली सुरुवात एकट्या एसएसडीवर करा. दोन्ही लावून ठेवल्या तर मशीन गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पाण्यात गेले. आठवडाभर सगळं नीट चाललं, टॅली उघडली, प्रिंटर बोलला, की मगच जुनी डिस्क पुसून डेटासाठी जोडा. सी५ असलेली मात्र पुन्हा जोडूच नका.